आईचा पडदा

माझी आई रोज फजरच्या नमाजनंतर रेहल समोर घेऊन कुरआनशरीफ वाचते. पण तिला उर्दू वाचता येत नाही, मराठी वाचता येत नाही, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. आमच्या कोकणात तिच्या वयाच्या पुष्कळ बायकांचं असंच आहे. लहानपणी मोहल्ल्यातल्या उस्तानीकडे जाऊन अरबी अक्षरं जेर-जबर-पेशसकट शिकल्या, नाझिरा कुरआन पूर्ण झाला, घरोघरी मिठाई वाटली गेली आणि शिक्षण संपलं. अशा बाईची मी मुलगी. उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, बी.एड. आहे, आणि हा लेख मराठीत लिहिते आहे. घरात आम्ही कोकणी बोलतो आणि आईला आईच म्हणतो. इतक्या भाषांच्या या घरात टीव्हीच्या एका पडद्यावरून आम्हा मायलेकींचं जे बिनसलं आणि पुढे जे जुळलं, त्याची ही हकीकत.

अब्बा १९८४ साली कुवेतला गेले. त्या काळी गल्फमधल्या माणसाचं पत्र गावात आलं की ते वाचायला शाळेत जाणारा एखादा पोरगा शोधावा लागे. तो पोरगा ओट्यावर बसून मोठ्याने पत्र वाचायचा आणि नवऱ्याने बायकोला लिहिलेलं सासू, नणंद, शेजारीण सगळ्या ऐकायच्या. उत्तरही त्यालाच सांगायचं. आई म्हणते, "काय सांगणार? सगळी खुशाल हाय, पैसे मिळाले. बस." दोन वर्षं असं चाललं. मग अब्बा सुटीवर आले ते एक टेपरेकॉर्डर घेऊन. तेव्हापासून पत्रं बंद झाली आणि कॅसेटी सुरू झाल्या. मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्यातरी बॅगेतून एक कॅसेट तिकडे जायची, एक इकडे यायची. मधे वाचणारं कुणी नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नवरा-बायको एकमेकांशी सरळ बोलू लागले.

टेपरेकॉर्डर चालवायला आईला कुणी शिकवलं नाही. बटणांवर लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, पण बटणांची जागा तिला बोटांनी कळत होती. चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं तर आवाज पुसला जाईल या भीतीने तिने त्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. कॅसेटी ओळखायला तिने डब्यांना दोरे बांधले होते. हिरवा, पांढरा, लाल. मला वाटायचं डबे उघडू नयेत म्हणून बांधलेत.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. एक लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आले, त्यांत अब्बा होते. हातात एक पिशवी होती. मी तेव्हा दोन वर्षांची. नंतर ते पुन्हा सौदीला गेले, कॅसेटी पुन्हा सुरू झाल्या, आणि गावात टेलिफोन बूथ आलं तशा हळूहळू थांबल्या. अब्बा २०१२ साली वारले. इद्दत संपल्यावरही आईने कॅसेटींच्या पेटीला हात लावला नाही. ती पेटी तिने चिपळूणला माझ्याकडे राहायला येताना सोबत आणली, एवढंच.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन तासांनंतर दुपार रिकामी असायची. मी पेटी उघडली. अडतीस कॅसेटी होत्या. एक जुना डेक मिळवला, त्याची तार लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर कॅसेटी भरायला घेतल्या. या कामात घाई चालत नाही. दीड तासाची कॅसेट भरायला दीड तासच लागतो. काहींच्या फितीखालचा लहानसा कापूसपट्टा गळून पडला होता, तो दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधून काढून बसवला. दोन फिती तुटल्या होत्या, त्या सांधल्या. डब्यांचे दोरे सोडून बाजूला टाकले आणि तारखांच्या अंदाजाने एक ते अडतीस क्रमांक दिले. विज्ञानाची शिक्षिका ना मी! क्रम म्हणजे काळाचा क्रम, याबद्दल मनात शंकाही आली नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पूर आला. २००५ च्या पुरात आमच्या खोलीत पाणी किती चढलं होतं ते घरमालकांनी भिंतीवर दाखवलं होतं. त्याच हिशेबाने पेटी कपाटावर ठेवलेली होती. या खेपेला वाशिष्ठीने तो हिशेब मानला नाही. आम्ही दोघी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. हातात लॅपटॉप, हार्ड डिस्क, कागदपत्रं आणि आईच्या छातीशी कुरआनशरीफ. दुसऱ्या दिवशी चिखलातून पेटी निघाली. फिती चिखलात गुंडाळल्या होत्या. आईने एकेक कॅसेट पाण्याने धुऊन उन्हात मांडली. त्यातली एकही पुन्हा वाजली नाही.

म्हणजे अब्बांचा आवाज आता फक्त माझ्या हार्ड डिस्कमध्ये होता. आईने तो कधी ऐकायचा हे माझ्या वेळेवर, माझ्या मूडवर आणि माझ्या लॅपटॉपवर अवलंबून होतं. टेपरेकॉर्डर ज्या बाईने स्वतःच्या हुकमतीत ठेवला होता, तिला आता "बेटा, जरा लाव ना" म्हणावं लागत होतं. ते मला बरं वाटेना. म्हणून मी पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेतला, तो टीव्हीला जोडला आणि त्यावर कोडी नावाचं सॉफ्टवेअर घातलं.

कोडीला मीडिया सेंटर म्हणतात. घरातली गाणी, चित्रपट, फोटो, जे काही आपल्याजवळ फाइलींच्या रूपात आहे ते सगळं टीव्हीवर एका जागी आणून रिमोटने चालवता यावं, एवढंच त्याचं काम. ते स्वतः कुठलाही सिनेमा किंवा गाणं देत नाही. त्याचा जन्म एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर झाला. २००२-०३ च्या सुमारास काही हौशी प्रोग्रॅमरांनी त्या यंत्राकडून सिनेमे आणि गाणी चालवून घेतली. नाव पडलं एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी. पुढे ते साध्या संगणकांवर आलं, एक्सबॉक्सशी संबंध उरला नाही, आणि २०१४ मध्ये नाव बदलून कोडी झालं. जगभरचे लोक मोकळ्या वेळात ते लिहितात. त्याचा सगळा कोड खुला आहे. कुणीही पाहावा, कुणीही बदलावा.

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने आईला टीव्हीसमोर बसवलं. डाव्या बाजूला वरून खाली यादी आली : मूव्हीज, टीव्ही शोज, म्युझिक, म्युझिक व्हिडिओज, टीव्ही, रेडिओ, ॲड-ऑन्स, पिक्चर्स, फेव्हरिट्स, वेदर. आईने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग मला म्हणाली, "ह्यात माजं काय हाय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. अब्बांचा आवाज होता "म्युझिक"मध्ये. त्यात शिरलं की आर्टिस्ट, अल्बम, साँग. पतीची पत्रं म्हणजे अल्बम, त्यांची प्रत्येक बाजू म्हणजे गाणं, आणि आयुष्यभर वेल्डिंग केलेले माझे अब्बा आर्टिस्ट. मी हसले. आई हसली नाही, कारण त्याच म्युझिकमध्ये मी तिच्यासाठी तिलावतही घातली होती. "कुरआन काय गाना हाय?" असं तिने विचारलं. ज्यांनी ती यादी बनवली त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आवाजाची फाइल म्हणजे संगीत, असा त्यांचा सरळ हिशेब. पण दुसऱ्याच्या घराचा हिशेब आपल्या घरात आला की असं होतं.

त्याहून कठीण प्रसंग दुसऱ्या दिवशी आला. माहिती आपोआप भरण्याची एक सोय मी चालू केली होती. कोडी इंटरनेटवर जाऊन आर्टिस्टच्या नावावरून त्याचं चित्र आणि माहिती आणतं. अब्बांचं नाव काही जगावेगळं नव्हतं. आईने रिमोट दाबला आणि अब्बांच्या नावासमोर कुणा परक्या गायकाचा फोटो आला. ती काही बोलली नाही, डोक्यावरचा पदर सावरून उठून आत गेली. मी ती सोय बंद केली आणि अब्बांचा पासपोर्टवरचा फोटो त्या फोल्डरमध्ये ठेवला. फोल्डरमध्ये आपलं चित्र ठरावीक नावाने ठेवलं की कोडी ते घेतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या पाच मिनिटांच्या आधीचा तो एक क्षण परत घेता येत नव्हता.

मग मी कंबर कसली आणि रात्री जागून शिकले. कोडीची रचना समजून घेतली तेव्हा ती मला फार आवडली. यंत्राचं आतलं इंजिन वेगळं आणि वर दिसणारं रूप वेगळं, अशी ती आहे. या रूपाला स्किन म्हणतात, म्हणजे कातडी. इंजिनाला धक्का न लावता कातडी बदलता येते. यादी उभी हवी की आडवी, अक्षर केवढं, रंग कोणता, कुठली ओळ कधी दिसावी आणि कधी लपावी, हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं. एक्सएमएल म्हणतात त्या लिखाणाला. साध्या नोटपॅडमध्येही ती फाइल उघडते. कंस उघडा, आत सांगा, कंस बंद करा. बंद करायला विसरलात तर पडदा रुसतो.

बदलाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी सोफ्यावर बसून रिमोटने चढण्याची : सेटिंगमध्ये जाऊन मुख्य यादीतल्या नको त्या ओळी बंद करायच्या, रंग बदलायचा. दुसरी थोडी वरची : एऑन नॉक्ससारख्या काही स्किनमध्ये पहिल्या पडद्याची यादीच आपण नव्याने मांडू शकतो, ओळीला आपलं नाव आणि आपलं चित्र देऊ शकतो. तिसरी पायरी फाइली उघडून लिहिण्याची. सेटिंगचेही बेसिक, स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड, एक्स्पर्ट असे चार थर आहेत. जेवढं झेपेल तेवढंच समोर येतं. बी.एड.ला आम्ही अध्यापनाची सूत्रं पाठ केली होती, सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. इथे ती कुणीतरी पाळलेली दिसली. आणखी एक गोष्ट मनात बसली. आपण स्किन बदलली की कोडी विचारतं, हा बदल ठेवायचा का? काही सेकंदांत "हो" म्हटलं नाही तर ते आपणहून जुन्या रूपावर परत जातं. म्हणजे नव्या रूपात माणूस हरवला, काही दिसेनासं झालं, तरी गप्प बसलं की घरी परत. चुकणाऱ्याची इतकी काळजी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

चार रात्री खपून मी आईसाठी पडदा बनवला. मूव्हीज गेलं, वेदर गेलं, सगळं गेलं. उरल्या तीन ओळी, आणि त्या मी उर्दूत लिहिल्या : तिलावत, अब्बा के खुतूत, घर की तस्वीरें. अब्बांच्या खतांत एक ते अडतीस अशी रांग. बाकी सेटिंगला कुलूप घातलं, आईच्या हातून काही बिघडू नये म्हणून. देवनागरीही करून पाहिली होती, पण माझ्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत आणि वेलांट्या भलतीकडे पडत. शिवाय उर्दूचा अभिमान होताच. नस्तालीकचा सुंदर फाँट आणून बसवला. मनात म्हटलं, आई कुरआन वाचते, लिपी तीच, वाचेल.

आईला एक अक्षर वाचता आलं नाही. कुरआनशरीफ छापतात ती नस्ख अक्षरं सरळ बसतात आणि अंगावर जेर-जबर असतात. नस्तालीक तिरकं उतरतं, त्याची अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात आणि जेर-जबर वाचणाऱ्याने मनाने लावायचे असतात. रोज तिच्या समोर बसून मी कुरआन ऐकते, बारा वर्षं मुलांना उर्दूतून शिकवते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तिने पडद्यावर तिलावतच्या "ते"वर बोट नेलं, दोन नुक्ते ओळखले आणि थांबली. "ह्यो ते हाय," ती म्हणाली. मग रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "तुज्यासाठी बरा केलास."

हे वाक्य माझ्या फार दिवस मनात राहिलं. बी.एड.च्या वर्षी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आम्हाला होता. ज्ञानरचनावाद, बालककेंद्री अध्यापन, मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं. परीक्षेत मी त्यावर भरभरून लिहिलं होतं. आणि घरी काय केलं? विद्यार्थ्याला न विचारता पाठाचं टाचण काढलं आणि वर्गाच्या दाराला कुलूप लावलं.

खरी ठेच पुढे लागली. रमजानच्या आदल्या आठवड्यात गावाहून आत्या आणि तिच्या सुना आल्या. बैठकीत टीव्ही. मी कौतुकाने म्हटलं, अब्बांचा आवाज ऐकायचाय? आणि सहज एक क्रमांक दाबला. अकरा की बारा. अब्बांचा सलाम ऐकू आला, दुवा ऐकू आली. मग आवाज बदलला, हळू झाला. आईने पुढे होऊन माझ्या हातातला रिमोट घेतला. तिला बटण सापडेना. तिने भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं. बैठकीत सगळ्या गप्प. आत्या म्हणाली, "चहा करू का गो?" आणि विषय संपला.

रात्री आई म्हणाली, "त्याला लाल दोरा व्हता."

तेव्हा मला दोऱ्यांचा अर्थ कळला. हिरवा दोरा म्हणजे सगळ्यांनी बसून ऐकायची कॅसेट. पांढरा म्हणजे मयतीची खबर किंवा ताजियत असलेली. दादी वारली तेव्हा अब्बांना येता आलं नाही, ते अर्धा तास नुसते रडत बोलले होते, तिला पांढरा. लाल म्हणजे माझी एकटीची, कुणासमोर लावायची नाही. तिच्याजवळ यादी होती. वर्गीकरण होतं, खुणा होत्या, कुणी काय ऐकावं याचा नियम होता. एकही अक्षर न वाचता तिने ते सगळं तीन रंगांत बसवलं होतं. मी ते दोरे सोडून कचऱ्यात टाकले आणि त्यावर माझे अडतीस आकडे चिकटवले. मधे वाचणारं कुणी नको म्हणून ज्या कॅसेटी आल्या, त्यांच्या मधे येऊन मीच ओट्यावरचा तो पत्र वाचणारा पोरगा झाले होते.

"तू ऐकल्यास?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं नाही. भरताना कानावर पडलं, मी म्हणाले. ती बराच वेळ तसबीह ओढत राहिली. मग "बरा" म्हणाली. तो "बरा" माफीचा होता की नुसताच, ते मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी तिला विचारलं, तुला पडदा कसा हवा? ती म्हणाली, "दोरे आण."

आम्ही बाजारातून तीन रंगांचे दोरे आणले. ते रेहलवर ठेवून मी मोबाइलने एकेकाचा फोटो काढला. कोडीत फेव्हरिट्स नावाची एक जागा आहे. कुठलीही गोष्ट तिथे नेऊन ठेवता येते, तिला नाव देता येतं, चित्र देता येतं, वर-खाली सरकवता येतं, काढून टाकता येतं. आणि हे सगळं रिमोटने, फाइल न उघडता. मी केलेला तीन ओळींचा सुंदर पडदा पुसून टाकला, सेटिंगचं कुलूप काढलं आणि आईसमोर फक्त ही जागा ठेवली. रिमोटवरचं कुठलं बटण काय करील हेही कोडीत आपल्याला ठरवता येतं. सरकवण्याची यादी उघडायचं काम मी लाल बटणाला दिलं. मग अडतीस फाइली एकेक करून थोडी थोडी वाजवल्या. सलाम ऐकला की ती सांगायची, हिरवा. पांढरा. कधी दोन शब्दांतच, "बंद कर. लाल."

क्रमही तिनेच लावला, काळाचा नव्हे. पहिली ठेवली ती ज्यात अब्बांनी माझं नाव कळवलं. मी जन्मल्याची बातमी त्यांना दीड महिन्याने मिळाली होती. त्या कॅसेटमध्ये ते तीन नावं सांगतात आणि म्हणतात, तुला आवडेल ते ठेव. मी तिला सत्तावीस नंबर दिला होता.

आता ती रिमोट चालवते. सरकवण्याच्या यादीतले शब्द तिला आजही वाचता येत नाहीत. वरून दुसरी ओळ वर नेते, तिसरी खाली नेते, हे तिने जागेवरून ओळखलं आहे. अंधारात मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी कुठे आहे हे तिला माहीत असतं, तसं. म्हणून मी तिच्या यंत्राची आवृत्ती सहसा बदलत नाही. वाचणाऱ्याला नवं रूप म्हणजे हौस. जागेने ओळखणाऱ्याचं मात्र रूप बदललं की घर मोडतं. कोडीने २०१७ मध्ये आपलं ठरलेलं रूप बदललं, एस्च्युअरी आणली, तरी आधीची कॉन्फ्लुएन्स ज्यांना हवी त्यांच्यासाठी मिळत ठेवली. बदल करायची मुभा म्हणतो त्यात बदल न करायची मुभाही आली पाहिजे.

हे सगळं झाल्यावर मला माझ्या वर्गातला फळा दिसू लागला. शाळेत डिजिटल वर्ग आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये पुढचं पान आणायचं बाणाचं बटण उजवीकडे तोंड करून आहे. बालभारतीचं आमचं उर्दू पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, त्याचं पुढचं पान डावीकडे. पाचवीची मुलं पुढे जायला डावा बाण दाबतात आणि मागे जातात. मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले, "अरे, पुढे म्हणजे उजवीकडे." आता सांगवत नाही. तो बाण फिरवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. लेखी विनंती केली, उत्तर आलेलं नाही. तोवर मी बाणांवर कागद चिकटवून त्यावर पुढचं आणि मागचं, दोन्ही उर्दूत लिहून ठेवलं आहे. आईने चिकटपट्टी लावली होती तसंच.

कुणी म्हणेल, इतकी मुभा द्यायची तर गोंधळ होईल, सामान्य माणसाला तयार जेवणच बरं. मीही तसंच समजत होते. पण तयार ताट वाढणाऱ्याने निदान मीठ बाजूला ठेवावं. हल्ली दुकानातल्या टीव्हीचा पहिला पडदा उघडला की आपण न मागितलेल्या सिनेमांच्या रांगा आणि जाहिराती समोर येतात, आणि त्या हलवता येत नाहीत. घर आपलं, वीजबिल आपलं, पण बैठकीतली ती भिंत दुसऱ्याची. कोडी लिहिणाऱ्यांना माझी आई माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला माहीत नाही असं कुणीतरी दुसऱ्या टोकाला बसलेलं असेल, एवढं मात्र त्यांना माहीत होतं, आणि त्याच्यासाठी त्यांनी जागा सोडली. ती जागा मी एकटीनेच भरून टाकली, ही चूक माझी.

राहिला लाल दोऱ्यांचा प्रश्न. त्या सात कॅसेटी होत्या. कोडीत प्रत्येक माणसाचं वेगळं प्रोफाइल करता येतं. त्याच्या फाइली वेगळ्या, पडदा वेगळा, आणि वर आकड्यांचं कुलूप. अक्षर न वाचणाऱ्या माझ्या आईला आकडे येतात. नोटा मोजून आणि फोन लावून आलेले. मी तिचं प्रोफाइल केलं, दारावर लाल दोऱ्याचं चित्र लावलं, सात फाइली तिथे नेल्या, बाकी सगळीकडून काढल्या. कुलपाचा आकडा टाकायची वेळ आली तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात पाठवलं.

हे कुलूप फार मजबूत नाही हे मी जाणते. फाइली त्याच हार्ड डिस्कवर आहेत. मी ती काढून लॅपटॉपला लावली तर सातही उघडतील, आणि आईला ते कधी कळणारही नाही. मी तिला हे सांगितलंही. ती म्हणाली, "मंग काय झाला? तुज्याकडं अमानत हाय."

कधी दुपारी शाळेतून लवकर आले तर बैठकीचं दार ओढून घेतलेलं असतं. आतून हळू आवाज येत असतो. मी चपला बाहेर काढते आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवते.